भाकरीचा पिझ्झा : तव्यावर, पाऊण तासाच्या आत

जालना : औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून, दुकानाचे शटर ओढून किंवा शिकवणीचे वर्ग आटोपून घरातील मंडळी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास एकत्र येतात आणि रोजचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : आज जेवायला काय? मुलांचे उत्तर बहुधा ठरलेले असते, पिझ्झा. मोठ्यांचेही ठरलेले असते, रविवारी बघू. या ‘रविवारी बघू’मागे तीन कारणे असतात. बाहेरचा पिझ्झा चौघांसाठी मागवायचा तर बऱ्यापैकी खर्च होतो, घरी करायचा तर ओव्हन नसतो आणि मैद्याचे पीठ भिजवून फुगवायचे तर दोन तास हाताशी नसतात.

ही तिन्ही कारणे नीट पाहिली, तर त्यांचा संबंध पिझ्झ्याच्या वरच्या साजाशी फारसा नाही. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि थोडे चीज ही काही दुर्मीळ सामग्री नव्हे. अडते ते खालच्या रोटीपाशी, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘बेस’ म्हटले जाते त्यापाशी. जालना जिल्ह्यातील घरात मात्र रोज रात्री एक सपाट, गोल, गरम रोटी तव्यावर होतच असते. ती ज्वारीची असते एवढेच. तिच्यावर पिझ्झा होतो का, याचे उत्तर ‘होतो’ असेच आहे. मात्र मैद्याच्या बेसचे नियम भाकरीला लावले, की तो हमखास बिघडतो. भाकरीचे स्वतःचे नियम आहेत आणि ते समजून घेतले तर आठवड्याच्या मधल्या वारीही हे जेवण सहज जमण्यासारखे आहे.

मुळात ही गरिबांची रोटी

भारतात पिझ्झ्याच्या मोठ्या परदेशी साखळ्या आल्या त्या १९९६ साली. त्या वर्षी दिल्लीत डॉमिनोजचे आणि बंगळुरूत पिझ्झा हटचे पहिले दुकान उघडले. त्यामुळे हा पदार्थ आपल्याकडे सुरुवातीपासूनच ‘बाहेर जाऊन खाण्याचा’ आणि काहीसा प्रतिष्ठेचा ठरला. त्याच्या जन्मगावी, इटलीतील नेपल्समध्ये, परिस्थिती नेमकी उलटी होती. तेथे तो हातावर पोट असणाऱ्यांचा, रस्त्यात उभ्याने खाण्याचा आहार होता. रोटीवर लसूण, तेल, कधी टोमॅटो, जमले तर चीज, एवढाच त्याचा थाट. राणी मार्गेरिटासाठी राफाएले एस्पोझितो या आचाऱ्याने १८८९ मध्ये लाल, पांढरा आणि हिरवा असा तीन रंगांचा पिझ्झा केल्याची कथा जगभर सांगितली जाते. इतिहासकारांना तिच्याविषयी शंका आहेत. पण कथा खरी मानली तरी त्याआधी कितीतरी वर्षे नेपल्समधील श्रमिक पिझ्झा खातच होते. नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

रोटीवर लसूण आणि तेल हे वर्णन मराठवाड्यातील माणसाला परके वाटू नये. गरम भाकरीवर तेलाची धार, तिखट-मीठ किंवा लसणाची चटणी पसरून ती दुमडून खाणे, हा शेतातल्या न्याहारीचा जुना प्रकार आहे. त्यावर टोमॅटो आणि चीज आले, की निम्मे अंतर कापले गेले.

जालन्याची दगडी ज्वारी

जिल्ह्याच्या ज्वारीला अलीकडे कागदोपत्रीही मान मिळाला आहे. ‘जालना दगडी ज्वारी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. याच सुमारास मराठवाड्यातील लातूरची पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांनाही हे मानांकन मिळाले. त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी यांची चर्चा एकाएकी शहरांतील मोठ्या हॉटेलांपर्यंत पोहोचली. ज्यांच्या घरी ज्वारी कधी बंदच झाली नव्हती, त्यांना या कौतुकाची थोडी गंमतच वाटली असणार.

रब्बीची ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. परतीच्या पावसाने काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. माणसाला धान्य आणि जनावराला कडबा देते. मात्र कापूस, सोयाबीन आणि मोसंबी यांनी जिल्ह्याचे शिवार व्यापले आणि ज्वारी मागे सरकली. त्याचा परिणाम भावात दिसतो. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला होता. २०२४-२५ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव २,२७५ रुपये होता. एकेकाळी ‘गव्हाची पोळी सणाला आणि भाकरी रोजची’ असा रिवाज होता. आता किमतीचा क्रम उलटला आहे आणि शहरात वाढणाऱ्या अनेक मुलांच्या ताटातून भाकरी जवळपास गेली आहे. घरात भाकरी होते, पण ती आजी-आजोबांपुरती किंवा मधुमेह असलेल्या एखाद्या व्यक्तीपुरती. मुलांसाठी वेगळी पोळी लाटली जाते. एकाच रात्री दोन प्रकारच्या रोट्या करण्याचे हे ओझे कोणाच्या अंगावर पडते, हे सांगायला नको.

विरी, आधण आणि उकड

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले, की त्यात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिनजाळे तयार होते. यीस्टने निर्माण केलेला वायू या जाळ्यात अडकतो, म्हणून मैद्याचा बेस फुगतो आणि ताणला जातो. ज्वारीत ग्लुटेन नसते. त्यामुळे ज्वारीच्या पिठात यीस्ट किंवा बेकिंग पावडर घालून ते पावासारखे फुगेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. तसे प्रयोग करणाऱ्यांच्या हाती बहुधा तडे गेलेली, रवाळ चकती येते.

ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवते ते त्यातील स्टार्च. उकळते पाणी मिळाले, की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. आधणाचे पाणी घालून भाकरीचे पीठ मळण्यामागचे शास्त्र हेच. पिठाच्या या चिकटपणाला मराठीत ‘विरी’ हा नेमका शब्द आहे. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि चवीत कडवटपणा येतो. पिझ्झ्यासाठी म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणणे आणि आठ-दहा दिवसांत पीठ संपवणे हे पहिले पथ्य.

चौघांसाठी चार भाकऱ्या करायच्या तर ज्वारीचे पीठ अडीच वाट्या पुरते. पातेल्यात पिठापेक्षा किंचित कमी, म्हणजे सव्वादोन वाट्यांच्या आसपास पाणी उकळावे. त्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालावे. पाण्याला खळखळून उकळी आली, की गॅस मंद करून पीठ एकदम घालावे, उलथन्याच्या दांड्याने हलवावे आणि झाकण ठेवून गॅस बंद करावा. पाच मिनिटांनी ही उकड परातीत काढून, हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तळहाताच्या टाचेने चांगली मळावी. कोरडी वाटल्यास पाण्याचा हात लावावा. या टप्प्यावर घाई केली तर पुढे भाकरी तडकते. मळण्याला दिलेली तीन-चार मिनिटे वाया जात नाहीत.

उकड काढण्याचा आणखी एक फायदा आहे. थापलेली भाकरी हे हाताचे कसब आहे आणि ते सर्वांना येत नाही. नव्या पिढीत तर फारच थोड्यांना येते. उकडीचे पीठ मात्र कोरडे पीठ लावून पोळपाटावर लाटता येते. तेवढाही आत्मविश्वास नसेल तर तीन वाट्या ज्वारीला एक वाटी कणीक, या प्रमाणात मिसळ करावी. पीठ लगेच आवरते होते. मात्र ज्यांना डॉक्टरांनी ग्लुटेन पूर्ण वर्ज्य करण्यास सांगितले आहे, त्यांच्यासाठी ही मिसळ चालणार नाही. अशा घरांनी गिरणीचीही काळजी घ्यावी. आधी गहू दळलेल्या गिरणीतून आलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचा अंश येतोच.

पिझ्झ्याची भाकरी रोजच्यापेक्षा लहान आणि किंचित जाड असावी. सहा-सात इंच व्यास आणि साधारण पाव इंच जाडी पुरे. रोजच्या भाकरीत जी गोष्ट कौतुकाची, ती येथे अडचणीची ठरते : भाकरी फुगू द्यायची नाही. टम्म फुगलेल्या भाकरीला वर पातळ पापुद्रा सुटतो आणि आत पोकळी राहते. त्या पापुद्र्यावर सॉस घातला तर तो भिजून फाटतो, आणि पोकळीमुळे खालची आच वरच्या थराला पोहोचत नाही. म्हणून लाटून झाल्यावर काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचे द्यावेत आणि भाकरी थेट जाळावर न भाजता दोन्ही बाजूंनी तव्यावरच भाजावी. फिकट बदामी डाग पडले की उतरवावी. ती नंतर पुन्हा तव्यावर जायची आहे, त्यामुळे करपू देऊ नये. चारही भाकऱ्या अशा भाजून, एकमेकींवर न रचता, सुट्या सुट्या ठेवाव्यात. एकीवर एक ठेवल्या तर वाफेने मऊ पडतात.

पाण्याशी वैर

भाकरीचा पिझ्झा बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पाणी. मैद्याच्या बेसला ग्लुटेनच्या जाळ्याचा आधार असतो. भाकरी ओलावा झटकन पिते आणि लगेच भुगा होते. कच्च्या टोमॅटोच्या चकत्या, पाणी सुटलेला कांदा, बाटलीतला पातळ सॉस यांपैकी काहीही थेट वर घातले, तर चीज वितळेपर्यंत खाली लापशी झालेली असते.

सॉस म्हणून चार पिकलेले लाल टोमॅटो बारीक चिरून, दोन चमचे तेलात सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून परतल्यावर घालावेत. लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर घालून मध्यम आचेवर झाकण न ठेवता परतावे. कडेने तेल सुटेपर्यंत आणि चमच्याने ओढलेली रेघ पातेल्यात तशीच राहीपर्यंत आटवावे. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि आठवड्याच्या मधल्या वारी तीच नसतात. म्हणून हा सॉस रविवारी करून काचेच्या स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये ठेवावा, तीन-चार दिवस सहज राहतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभर रुपयांचा टप्पा कधीच ओलांडला होता, ते दिवस आठवत असतील. तशा वेळी टोमॅटोचा हट्ट सोडावा. लसणाची ओली चटणी किंवा तेलात परतलेला ठेचा यांचा अगदी पातळ हात भाकरीवर फिरवला, तरी काम भागते. किंबहुना मोठ्यांना तोच अधिक आवडण्याचा संभव आहे.

पिझ्झ्याचा तो ओळखीचा वास ओरेगॅनो या सुक्या पाल्याचा असतो. त्याच्या पुड्या आता किराणा दुकानांतही मिळतात, पण नसल्या तरी बिघडत नाही. ओरेगॅनोच्या वासात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या द्रव्यांचा वाटा असतो आणि आपल्या ओव्याच्या वासामागेही थायमॉलच असते. सॉसमध्ये पाव चमचा ओवा चुरडून घातला, की वास बराच जवळ जातो. अनेकांच्या कुंडीत असणाऱ्या पानओव्याची दोन-तीन पाने बारीक चिरून घातली तर आणखी चांगले.

भाज्या कमी आणि बारीक घ्याव्यात. कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे हे नेहमीचे त्रिकूट ठीक आहे. मात्र त्या मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतून, पाणी आटवून आणि मीठ अगदी शेवटी घालून घ्याव्यात. मीठ आधी पडले की भाजीला पाणी सुटते. वांग्याच्या पातळ चकत्या तेलावर खरपूस भाजून घातल्या तर भाकरीशी त्यांचे नाते काही वेगळे सांगावे लागत नाही. हिवाळ्यात, शिवारात ज्वारी दुधात-चिकात असताना मिळणारा हुरडा तर या पिझ्झ्याचा खास मानकरी ठरावा. भाजलेला हुरडा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर चीज, असा पिझ्झा कोणत्याही परदेशी साखळीच्या यादीत नाही.

चीज : वेष्टण वाचावे

चीजबाबत गोंधळ फार आहे. पिझ्झ्यावर तार सुटते ती मोझरेला प्रकारच्या चीजची. वड्या किंवा चौकोनी चकत्यांच्या रूपात मिळणारे प्रक्रियायुक्त चीज वितळते, पण तारा देत नाही. चवीला ते अधिक खारट असते. दोन्ही निम्मे निम्मे घेतले तर खर्च आणि चव यांचा मेळ बसतो. घरचे पनीर अजिबात वितळत नाही. आम्ल घालून गरम दूध फाडून ते केलेले असते आणि अशा प्रकारे साकळलेले प्रथिन तापवल्यावर वाहत नाही. त्यामुळे पनीर भाजीसारखे वापरावे, चीजसारखे नव्हे.

बाजारात चीजसारखेच दिसणारे पण दुधातील स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले पदार्थही मिळतात. त्यांना ‘ॲनालॉग’ म्हणतात. अशा पदार्थांना दुग्धजन्य पदार्थाचे नाव लावता येत नाही आणि ते काय आहेत हे वेष्टणावर सांगणे अन्नसुरक्षा नियमांनुसार आवश्यक आहे. सुटे, किसलेले, वेष्टण नसलेले ‘चीज’ स्वस्त मिळते म्हणून घेण्याचा मोह टाळलेला बरा. वेष्टणावरील घटकांच्या यादीत पाम तेल किंवा अन्य वनस्पती तेल आढळले, तर ते चीज नव्हे, एवढे ओळखणे अवघड नाही.

दुसरा मुद्दा मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. अनेक प्रक्रियायुक्त चीजच्या १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते. म्हणजे एका भाकरीवर ३० ग्रॅम चीज घातले, तर पाऊण ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ केवळ त्यातूनच पोटात गेले. त्यावर सॉस, ठेचा आणि भाकरीतले मीठ वेगळे. म्हणून भाकरीमागे २५ ते ३० ग्रॅम चीज ही मर्यादा मानावी आणि इतरत्र मीठ हात राखून घालावे. बारीक किसलेले चीज कमी असूनही सर्वत्र पसरते आणि लवकर वितळते.

तव्याचे गणित

नेपल्समधील लाकडाच्या भट्टीचे तापमान साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तेथे पिझ्झा एक-दीड मिनिटात तयार होतो. घरगुती ओव्हन साधारण अडीचशे अंशांपर्यंत जातो. तो तापायला पंधरा मिनिटे आणि भाजायला बारा-पंधरा मिनिटे धरली, तर दीड हजार वॉटच्या ओव्हनला तेवढ्यात पाऊण युनिटच्या आसपास वीज लागू शकते. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी जरूर वापरावा. तव्याची मात्र एक मर्यादा आहे : त्याची आच फक्त खालून येते. भट्टीत वरूनही उष्णता मिळते. तव्यावर ती झाकणाने द्यावी लागते.

लोखंडी किंवा जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवून गॅस मंद करावा. तव्याला थोडे तेल लावून भाजलेली भाकरी ठेवावी, सॉसचा पातळ थर कडेला बोटभर जागा सोडून लावावा, त्यावर थोडे चीज, मग भाज्या आणि पुन्हा उरलेले चीज भुरभुरावे. खालचे चीज भाज्यांना धरून ठेवते आणि सॉसचा ओलावाही काहीसा अडवते. नंतर खोलगट झाकण ठेवावे. दोन-अडीच मिनिटांत चीज वितळते. झाकणाच्या आत जमलेली वाफ थेंब होऊन खाली पडू लागते, त्यामुळे ते काढताना तिरपे करून पटकन बाजूला न्यावे आणि शेवटचे एक-दीड मिनीट झाकण न ठेवता भाकरीचे बूड कुरकुरीत होऊ द्यावे. चीजवर भट्टीसारखे तांबूस डाग येणार नाहीत. ती उणीव तव्याची आहे आणि ती मान्य करावी.

एका पिझ्झ्याला चार मिनिटे लागतात. दोन शेगड्यांवर दोन तवे ठेवले तर चार पिझ्झे आठ-नऊ मिनिटांत होतात. येथेच या पद्धतीचा खरा लाभ लक्षात येतो. भाकरी हा गरम गरम वाढण्याचा पदार्थ. ती करणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक घरांत आई, सून किंवा सासू, सर्वांची पाने उठेपर्यंत चुलीपाशी उभी असते आणि स्वतः शेवटी, एकटी, बहुधा गार झालेले जेवते. पिझ्झ्यात भाकऱ्या आधीच भाजून झालेल्या असतात. शेवटच्या टप्प्यात रचना करून झाकण ठेवण्यापलीकडे कसब लागत नाही. भाज्या पसरण्याचे आणि चीज किसण्याचे काम दहा वर्षांचे मूल करू शकते, दुसरा तवा घरातील पुरुषाने सांभाळायला हरकत नसावी. पहिले दोन पिझ्झे उतरवून कोमट तव्यावर किंवा जाळीवर ठेवावेत, पुढचे दोन झाले की चारही सुरीने चार-चार भाग करून मध्ये ठेवावेत. प्रत्येकाला प्रत्येक प्रकारातला तुकडा मिळतो आणि सर्व जण एकाच वेळी बसतात. ‘ज्याचा त्याचा वेगळा पिझ्झा, तयार होईल तसा’ असे केले की मात्र पुन्हा एक जण उभा राहिलाच.

वेळेचा हिशेब असा पडतो : आधण आणि उकड दहा मिनिटे, तेवढ्यात भाज्या चिरून आणि परतून होतात, मळणे चार मिनिटे, दोन तव्यांवर चार भाकऱ्या लाटून भाजणे बारा मिनिटे, शेवटची बांधणी आणि भाजणी दहा मिनिटे. सॉस आधीचा असेल तर पाऊण तासाच्या आत सर्व आटोपते. पहिल्या खेपेला तासभर लागेल, हेही गृहीत धरावे.

त्याहून कमी वेळ असेल तर सकाळच्या उरलेल्या पोळ्या कामी येतात. कोरड्या तव्यावर मंद आचेने दाबून दाबून कडक केलेली पोळी पातळ कुरकुरीत बेसचे काम उत्तम करते, फक्त वरचा साज निम्मा ठेवावा. मराठवाड्यातील धपाट्यात मुळातच तिखट, हळद, लसूण असल्याने त्याला सॉसची गरजच नाही. नुसते चीज आणि कांदा पुरे. बाजरीची भाकरी थंडीत चालते, पण तिची चव ठसठशीत असल्याने मोझरेलासारखे सौम्य चीज तिच्यापुढे हरवते. बेकरीत मिळणारा तयार बेस हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरस पर्याय होय.

ज्वारी आहे म्हणून हा पिझ्झा आपोआप आरोग्यदायी ठरतो, असे मात्र समजू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय भाग असतो, मैद्यात तो ३ ग्रॅमच्याही आत. लोहही ज्वारीत मैद्याच्या दुपटीहून अधिक. प्रथिनांचे प्रमाण मात्र दोन्हींत जवळपास सारखेच आहे. ज्वारीतील लोह वाढवण्याचे प्रयत्नही मराठवाड्यातच झाले. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी विकसित केलेले, लोह आणि जस्ताचे प्रमाण अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. तथापि धान्यातील लोह शरीरात पूर्ण शोषले जात नाही आणि चीजमधील कॅल्शियम त्यात आणखी आडकाठी करते. ‘क’ जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. सोबत लिंबू पिळलेली काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा जेवणानंतर मोसंबीच्या फोडी घेतल्या तर ही कसर काही अंशी भरून निघते. मोसंबी तर जालन्याचीच, भौगोलिक मानांकन मिळालेली. हंगामात ती शोधायला लांब जावे लागत नाही.

भाजलेल्या भाकऱ्यांपैकी एखादी उरलीच, तर तिच्यावर सॉस लावून ठेवू नये. कोरडीच कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून तिची न्याहारी होते. बरणीच्या तळाशी राहिलेला चमचाभर टोमॅटोचा सॉसही त्यात खपून जातो.